परक्या शहरातले रोजचे जगणे टिपताना नेमके काय निसटते?

चौकट (प्रश्न)

नमस्कार. मी गेली सहा-सात वर्षे हौसेने प्रवासी छायाचित्रण करतो आहे आणि माझा ओढा स्मारकांपेक्षा माणसांच्या रोजच्या जगण्याकडे अधिक आहे. मागच्या वर्षी मोरोक्कोतील फेझ शहराच्या जुन्या भागात नऊ दिवस राहिलो. मोटार शिरू शकणार नाही इतक्या अरुंद गल्ल्या, ओझी वाहणारी खेचरे, आणि पाठीमागून ‘बालाक, बालाक’ अशी हाक आली की अंग चोरून भिंतीला टेकायचे, असे ते शहर आहे. परतलो तेव्हा माझ्याकडे जवळजवळ ३,२०० छायाचित्रे होती. ती मोठ्या पडद्यावर लावून पाहिली आणि मन खट्टू झाले. फोकस, प्रकाश, रंग यांत फारसे काही चुकलेले नाही, पण मी ज्या शहरात नऊ दिवस वावरलो ते शहर त्यांत सापडत नाही.

चुआरा येथे चामडे कमावण्याचे दगडी कुंड आहेत, ते आजूबाजूच्या गच्च्यांवरून पाहता येतात. वास सहन व्हावा म्हणून पाहुण्यांच्या हातात पुदिन्याची काडी देतात. मीही ती नाकाशी धरून, सगळे जिथे उभे राहतात तिथेच उभा राहिलो आणि सगळे काढतात तेच छायाचित्र काढले. कुंडांत मांडीपर्यंत उतरून काम करणारी माणसे माझ्या चित्रात रंगांच्या चकत्यांमधले ठिपके झाली आहेत.

सेफारीन चौकात तांब्याची भांडी घडवणारे कारागीर बसतात. त्यांतल्या एका वृद्ध कारागिराचे मी बरेच फोटो काढले. त्याच्या शेजारी एका भांड्याला टेकवून मोबाइल ठेवलेला होता. तो चित्रात आला तर सगळे वातावरण बिघडेल असे वाटून मी दर वेळी कोन बदलून, कधी खाली वाकून, तो चौकटीबाहेर ठेवत राहिलो.

तिसरा प्रसंग अजून मनात सलतो. एका गल्लीच्या तोंडाशी उभे राहून मी २०० मिलिमीटरच्या लेन्सने दारात बसलेल्या एका बाईंवर फोकस केला. त्यांनी वर पाहिले, ओढणी चेहऱ्यावर घेतली आणि बाजूला खेळणाऱ्या मुलीला दंडाला धरून आत नेले. दार लागले. ते चित्र मी काढले नाही, पण त्याआधीची दोन काढलेली होती. ती मी अजून पुसलेलीही नाहीत आणि कुणाला दाखवलेलीही नाहीत.

आधी विचारावे तर माणसे ताठ उभी राहतात, न विचारावे तर असे होते. ज्यांनी हे काम मन लावून केले आहे त्यांच्याकडून मला जाणून घ्यायचे आहे की परक्या ठिकाणचे साधे, रोजचे जगणे टिपायला नेमके कसे जावे, आणि घरी आल्यावर त्यांतले ठेवावे काय.

वाटसरू

आपण प्रश्न फार मोकळेपणाने मांडला आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. माझ्या मते तुमची पहिली अडचण २०० मिलिमीटरची ती लेन्स आहे. लांबून टिपलेला माणूस चित्रातही लांबच राहतो. अशा, लांबचे जवळ आणणाऱ्या टेली लेन्समुळे पार्श्वभूमी धूसर होते आणि तो कुठे बसला आहे, त्याच्या हाताशी काय आहे, पलीकडे कोण उभे आहे, हा सगळा संदर्भ पुसला जातो. रोजचे जगणे तर त्या संदर्भातच असते. शिवाय रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरून रोखलेली मोठी लेन्स समोरच्याला पाळत ठेवल्यासारखी वाटते, आणि त्याचे वाटणे चूक नसते.

मी स्वतः बारा वर्षांपासून फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरची, झूम नसलेली (प्राइम) एकच लेन्स वापरतो. अरुंद गल्लीत तिचा हिशेब सोपा आहे. अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) एफ/८ ठेवून फोकस साधारण ३.३ मीटरवर हातानेच लावून ठेवला की सुमारे १.६ मीटरपासून अनंतापर्यंत सगळे पुरेसे सुस्पष्ट येते. मग फोकसशी झटापट करावी लागत नाही, कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळावे लागत नाही आणि लक्ष माणसांवर राहते. चालणारी माणसे आणि काम करणारे हात यांसाठी शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद शक्यतो करू नये. सावलीच्या गल्लीत त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० करावा लागला तरी करावा, कारण थोडे कण दिसलेले चालतात, हललेला चेहरा मात्र सुधारता येत नाही. हातोडीचा घाव जाणवावा म्हणून हात मुद्दाम हललेला हवा असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हा १/३० वर जाऊन चेहरा स्थिर असण्याचा क्षण शोधावा लागतो आणि वीसातले एखादेच चित्र साधते.

पण लेन्स बदलून अर्धेच काम होते. उरलेले अर्धे म्हणजे एका जागी बसणे. नऊ दिवसांत तुम्ही किती ठिकाणे पाहिलीत हे तुम्ही लिहिलेले नाही. ३,२०० हा आकडा पाहून मला वाटते की पुष्कळ पाहिली असावीत. पुढच्या वेळी एकच चौक निवडा आणि तीन दिवस, एकाच वेळी, तिथे जाऊन बसा. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू द्या. पहिल्या दिवशी सगळे तुमच्याकडे पाहतात, दुसऱ्या दिवशी कुणीतरी मान हलवून ओळख देते, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही नसल्यासारखे त्यांचे काम चालू राहते. सकाळी दुकानाच्या फळ्या कोण उघडतो, उन्हाची तिरीप कोणत्या पायरीवर किती वाजता येते, पोरे शाळेतून कधी सुटतात, हे कळू लागले की चित्र कुठे घडणार आहे याचा अंदाज येतो आणि आपण आधीच तिथे असतो.

मेक्सिकोच्या छायाचित्रकार ग्रासिएला इतुर्बिदे यांचे १९७९ मधले एक चित्र आपण कदाचित पाहिले असेल. हुचितान गावच्या बाजारातली झापोतेक या आदिवासी समाजाची एक स्त्री, डोक्यावर जिवंत इग्वानांचा (मोठ्या सरड्यांचा) जणू मुकुट, आणि नजर अशी की पाहणाऱ्याने सरळ उभे राहावे. ते चित्र मूर्तीसारखे भव्य वाटते, पण त्याच वेळी काढलेल्या इतर फ्रेममध्ये तीच स्त्री हसते आहे आणि इग्वाना सांभाळते आहे. इतुर्बिदे त्या बायकांबरोबर राहत, बाजारात त्यांच्याजवळ बसत, आणि पुढची कितीतरी वर्षे तिथे परत परत जात राहिल्या. हुचितानच्या बायकांवरचे त्यांचे पुस्तक १९८९ मध्ये आले, म्हणजे त्या चित्रानंतर दहा वर्षांनी. ती नजर त्या बाईंनी ओळखीच्या माणसाला दिलेली आहे. चार तासांच्या पाहुण्याला ती मिळत नाही, मग हातात कोणताही कॅमेरा असो.

राहिला विचारण्याचा प्रश्न. माझा अनुभव असा की काम चालू असताना विचारले तर काम थांबते. मी आधी टिपतो, लगेच जवळ जातो, चित्र दाखवतो आणि नको असेल तर त्यांच्यासमोर पुसतो.

यमन

वाटसरू यांनी जवळ जाण्याबद्दल लिहिले ते पटले. मला मात्र तुमच्या प्रश्नातले मोबाइलचे वाक्य वाचून थांबावे लागले. एखादी वस्तू वातावरण बिघडवते असे आपल्याला वाटते, तेव्हा ते वातावरण कुणाचे असते? त्या कारागिराने मोबाइल तिथे स्वतःच्या हाताने ठेवला होता. त्याच्या दिवसात तो होता. तो नको होता फक्त आपल्या मनातल्या फेझला.

ही ओढ जुनी आहे. अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस यांनी उत्तर अमेरिकेतील आदिवासी समाजांची छायाचित्रे काढण्यात आयुष्याची तीस वर्षे घालवली. १९०७ ते १९३० या काळात त्यांचे वीस खंड प्रसिद्ध झाले आणि त्यांतली मेहनत पाहून आजही थक्क व्हायला होते. त्यांचे १९१० च्या सुमाराचे एक चित्र आहे. पिगन समाजाचे दोन पुरुष आपल्या तंबूत बसले आहेत आणि भोवती त्यांच्या पारंपरिक वस्तू मांडलेल्या आहेत. मूळ निगेटिव्हमध्ये त्या दोघांच्या मधोमध एक गजराचे घड्याळ आहे. छापलेल्या चित्रात ते नाही. कर्टिस यांना लोप पावणारे जग दाखवायचे होते आणि त्या जगात घड्याळ बसत नव्हते, म्हणून ते पुसले गेले. आज मला त्या चित्रात सर्वांत अधिक पाहावेसे वाटते ते घड्याळच, कारण ते त्या दोघांनी कुठूनतरी मिळवले असेल, त्याला किल्ली दिली असेल, आणि कॅमेऱ्यासमोर बसताना दोघांच्या मध्ये ठेवले असेल. ती त्यांची निवड होती आणि ती आपल्यापर्यंत पोहोचू दिली गेली नाही.

याच्या शेजारी सेदू केइता यांची चित्रे ठेवून पाहा. मालीची राजधानी बामाको येथे त्यांनी १९४८ मध्ये स्टुडिओ उघडला. चित्र काढून घेणारे त्यांच्याच शहरातले, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या हौसेने येणारे लोक होते. स्टुडिओत घड्याळे, रेडिओ, स्कूटर अशा वस्तू ठेवलेल्या असत आणि लोक त्या आवडीने चित्रात घेत. नक्षीदार कापडाचा पडदा, त्यापुढे तितक्याच नक्षीदार पोशाखातली बाई आणि तिच्या मनगटावर मुद्दाम दिसेल असे घड्याळ, हे त्या काळचे बामाको आहे आणि ते तिथल्या माणसांनी स्वतः ठरवलेले आहे. म्हणून मी नव्या देशात जाण्याआधी तिथल्या छायाचित्रकारांनी आपल्याच लोकांची काढलेली चित्रे शोधून पाहतो. त्यांत काय आहे यापेक्षा बाहेरच्यांच्या चित्रांत जे सतत असते आणि यांच्यात जवळजवळ नसते, ते नोंदवून ठेवतो.

मोठ्या नियतकालिकांनाही हा मोह सुटला नाही. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाच्या आडव्या चित्रातले पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, कारण मुखपृष्ठ उभे होते. त्यावर पुष्कळ टीका झाली. त्याहून महत्त्वाचे मला एप्रिल २०१८ च्या अंकातले संपादकीय वाटते. त्यात त्यांनी एका इतिहासकाराकडून स्वतःचे जुने अंक तपासून घेऊन, दूरदेशीच्या माणसांचे चित्रण आपण कित्येक दशके वंशवादी दृष्टीने केले, हे स्वच्छ शब्दांत मान्य केले.

आता विचारण्याबद्दल. विचारले की माणसे ताठ उभी राहतात आणि मग चित्र खोटे होते, अशी आपली समजूत असते. आल्बेर कान या फ्रेंच बँकरने १९०९ ते १९३१ या काळात पन्नासच्या आसपास देशांत छायाचित्रकार पाठवून रोजच्या जगण्याचा रंगीत संग्रह उभा केला. त्यात सुमारे ७२,००० ऑटोक्रोम काचा आहेत आणि तो पॅरिसला लागून असलेल्या बुलोन्य-बियांकूर येथील संग्रहालयात जपलेला आहे. १९२९ च्या आर्थिक कोसळणीनंतर कान यांची संपत्ती गेली आणि काम थांबले. ऑटोक्रोमच्या काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले सूक्ष्म कण असत. त्यातून प्रकाश इतका कमी पोहोचे की भर उन्हातही साधारण सेकंदभर शटर उघडे ठेवावे लागे. म्हणजे त्या संग्रहातला जवळजवळ प्रत्येक माणूस विनंतीवरून स्थिर उभा राहिलेला आहे. मोरोक्कोतही हे छायाचित्रकार १९१२-१३ मध्ये जाऊन आले. तरीही ती चित्रे मला खोटी वाटत नाहीत. फाटका अंगरखा, एकाच पायातली चप्पल, मागे अर्धवट उघडे दार, हे सगळे त्या ताठ उभ्या माणसाभोवती तसेच राहिले आहे. तेव्हा ताठपणाला इतके घाबरू नये. तो त्या माणसाचाच असतो. पाहुण्यासमोर आपण कसे दिसावे असे त्याला वाटते, तेही त्याच्या संस्कृतीचेच अंग आहे.

निळाई

वाटसरू यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. ‘आधी टिपा, मग दाखवा, नको असेल तर पुसा’ हे वाचायला सोपे आहे, पण नको म्हणण्याची हिंमत समोरच्याला असेल असे त्यात गृहीत धरलेले आहे. हातात महागडा कॅमेरा असलेल्या परदेशी पाहुण्यासमोर पुष्कळ माणसे संकोचाने हसतात, आणि तो होकार नसतो. मी पंधरा वर्षे एका सामाजिक संस्थेसाठी वेगवेगळ्या देशांत चित्रे काढते आणि सुरुवातीच्या काळात मीही त्या हसण्याचा सोयीचा अर्थ लावला आहे. पुढे एका छावणीतल्या बाईंनी दुभाष्याकरवी मला विचारले की माझे चित्र कोण पाहणार आहे. माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून ते उत्तर तयार असल्याशिवाय मी कॅमेरा काढत नाही.

कायद्याचा भागही ध्यानात ठेवावा, कारण सार्वजनिक रस्त्यावर सगळे चालते ही समजूत जगभर लागू नाही. जर्मनीत १९०७ पासूनचा कायदा आहे, ज्यानुसार माणसाचे चित्र प्रसिद्ध करायला काही अपवाद सोडता त्याची संमती लागते. जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क यांच्या मृत्यूनंतर १८९८ मध्ये दोन छायाचित्रकारांनी त्यांच्या खोलीत घुसून मृतदेहाचे चित्र काढले होते, त्या संतापातून हा कायदा आला. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पायरीवर बसलेल्या एका १७ वर्षांच्या मुलीचे चित्र न विचारता मासिकात छापले गेले आणि १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन २,००० डॉलरची भरपाई कायम केली. याउलट न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरवर नकळत टिपलेल्या एका गृहस्थांनी धार्मिक श्रद्धेच्या कारणाने दावा लावला, तेव्हा २००६ मध्ये न्यायालयाने ते चित्र कलाकृती असल्याचे मानून छायाचित्रकाराच्या बाजूने कौल दिला. जपानमधील क्योटोच्या गिओन भागात पाहुणे गेइशांच्या (पारंपरिक नृत्य-गायन करणाऱ्या कलावंत स्त्रियांच्या) मागे धावू लागल्यावर २०१९ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्यांत छायाचित्रणास मनाई करून १०,००० येनच्या दंडाचे फलक लावण्यात आले. अमेरिकेतील होपी या आदिवासी समाजाच्या गावांत तर छायाचित्रणच काय, रेखाटनही चालत नाही.

चोरून काढलेल्या चित्रांत कधीच मोल नसते असे मी म्हणणार नाही. अमेरिकी छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवाशांची चित्रे काढली. स्वतःत हरवलेले ते चेहरे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळाले नसते. पण त्यांचे पुस्तक त्यांनी १९६६ मध्ये काढले. इतकी वर्षे ती चित्रे थांबू शकली, आणि आपण मात्र मुक्कामाच्या खोलीवर पोहोचण्याआधीच जगासमोर ठेवतो. मुलांच्या बाबतीत मी एवढाही अपवाद करत नाही. पालक समोर असतील आणि त्यांना समजले असेल, तरच.

तुमच्या त्या दोन चित्रांबद्दल विचारलेले नाही, तरी सांगते. ती पुसा. त्या बाईंनी उत्तर दिलेले आहे, आणि दार लावून दिलेले आहे.

आणखी एक, ज्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात : फोटोओळ. संध्याकाळी पाचच ओळी लिहा. जागा, दिवस, काय काम चालले होते, त्या कामाला तिथे काय म्हणतात, आणि माणसाने स्वतः सांगितले असेल तर नाव. ‘वृद्ध कारागीर, फेझ’ एवढ्याने तो माणूस देखावा होतो.

चौकट

तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मी पुन्हा सगळी चित्रे पहिल्यापासून पाहिली. या वेळी आधी निवडलेली साठ बाजूला ठेवली आणि नाकारलेलीच पाहिली.

त्या दोन चित्रांचे निळाईंनी सांगितले तसे केले.

सेफारीन चौकातल्या कारागिराची माझ्याकडे ४७ चित्रे निघाली. त्यांतली ४६ मोबाइलशिवाय. एक मात्र चुकून निघालेले आहे. कॅमेरा खाली करताना बटण दाबले गेले असावे, कारण चौकट तिरकी आहे आणि वरच्या कोपऱ्यात माझ्या पट्ट्याची सावली आली आहे. त्यात मोबाइल पूर्ण दिसतो. मी ते मोठे करून पाहिले. पडद्यावर एका तबकाचे चित्र आहे, मधे आठ पाकळ्यांचे फूल आणि भोवती जाळी. कारागिराच्या मांडीवर जे तबक आहे त्यावर ते फूल ठोकून झाले आहे आणि जाळीच्या चार-पाच रेघा कोळशाने आखलेल्या आहेत. चष्मा कपाळावर सरकवून, डोळे बारीक करून, हातोडी हवेत तशीच धरून तो मोबाइलकडे पाहतो आहे. तो नमुना पाहून काम करत होता आणि मी अर्धा तास त्याच्यासमोर बसून ते पाहिले नाही. कोणाच्या तरी मागणीचे तबक असेल, कदाचित दूरच्या कोणाच्या. ते मला विचारता आले असते. भाषा येत नव्हती हे खरे, पण त्या मोबाइलकडे बोट दाखवायला भाषा लागत नव्हती.

एक शंका आहे. हे चित्र सरळ करायला गेलो तर डाव्या बाजूची हातोडी कापली जाते, आणि पट्ट्याची सावली घालवायला वरून कापले तर त्याच्या मागे बसलेला शिकाऊ मुलगा जातो. काय करावे?

वाटसरू

काही कापू नका. तिरके आहे तसे ठेवा. सावली उजळून थोडी सौम्य होईल, तेवढे पुरे. शिकाऊ मुलगा किती वर्षांचा दिसतो ते मात्र पाहा, कारण निळाईंचा मुद्दा तिथे लागू होईल. माझ्या त्या परिच्छेदाबद्दल त्यांनी जे लिहिले तेही मला मान्य करावे लागेल. संकोचाचे हसणे मीही पाहिले आहे आणि पुढे गेलो आहे.

निळाई

मुलाचा चेहरा दिसत असेल तर निदान सार्वजनिक ठिकाणी टाकू नका. कारागिरासाठी मात्र एक छापील प्रत काढून ठेवा. फेझला पुन्हा जाणे होणार नसेल तर तिकडे जाणाऱ्या कुणाबरोबर द्या. चौक लहान आहे, चित्र दाखवले की माणूस सापडतो. दुसऱ्या कुणाकडून तिसऱ्याच देशात पाठवलेल्या अशा प्रती पोहोचल्याचे मी तीनदा अनुभवले आहे. मागच्या बाजूला तारीख लिहा.

चौकट

मुलाचा चेहरा अर्धा भांड्याआड आहे, वय बारा-तेरा असावे. तेव्हा हे चित्र इथे टाकत नाही. प्रत उद्या छापायला देतो, आणि एप्रिलमध्ये एक परिचित तिकडे जाणार आहेत, त्यांच्या सामानात ती जाईल. तबक कोणासाठी होते तेवढे विचारून यायला त्यांना सांगितले आहे.